लोखंड कोळसा पितं!

साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील हो! दुकानात वजनावर मिळतं ते. कापा, वाकवा, कानस लावा, मुकाट ऐकतं. लालभडक करून पाण्यात बुडवलं तरी ढिम्म. कार्बन जेमतेम 0.2 टक्के, तेवढ्यावर पाणी चढत नाही, म्हणजे कडकपणा येत नाही. आणि त्याच एमएसची पिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींनी माझ्या हातात ठेवली, सोबत कोरी कानस. "घासा बघू, साहेब." घासली. कानस चावेचना! काचेवरून सरकावी तशी सटकते, नुसता किर्र आवाज, कण निघेल तर शपथ. उलट कानशीचेच दात चकाकायला लागले!

केलं काय होतं? जाड पत्र्याचा डबा, पिनेभोवती लोणारी कोळशाचा चुरा, त्यात थोडं बेरियम कार्बोनेट, झाकणाच्या फटी मातीनं लिंपलेल्या, आणि डबा 900 ते 925 अंशांवर भट्टीत. बस्स! मला वाटायचं, कोळसा चिकटून आत शिरत असेल. छे! डब्यातल्या हवेमुळे कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड होतो. तो लोखंडाला कार्बन देऊन कार्बन डायऑक्साइड होतो, कोळशाला भिडून पुन्हा मोनॉक्साइड, पुन्हा लोखंडाकडे! बेरियम कार्बोनेट ही ये-जा वाढवतं. (शेडची दारं-खिडक्या उघडी ठेवा, तो वायू जीव घेतो.) आणि लोखंड न वितळता, घट्टच्या घट्ट राहून, कार्बन पीत बसतं! गार लोखंडात कार्बनला जागा जवळजवळ नसतेच. भट्टीत अणूंची मांडणी बदलते आणि त्याची सोय होते. वरच्या थरात तो 0.8 टक्क्यांपर्यंत चढतो. मग पिन गार करायची, पुन्हा 780च्या आसपास तापवायची आणि पाण्यात. चर्रर्र!

कडक थराचा हिशेब मात्र चिक्कू. चार तासांत साधारण एक मिलिमीटर. दुप्पट जाडी हवी तर वेळ चौपट.

मिस्त्रींनी नमुन्याचा एक तुकडा मुद्दाम मोडला. मी तो उन्हात नेऊन किती वेळ बघत होतो! कडेनं करडी, मखमली, बारीक दाण्यांची कडी. आत फिकट, खरबरीत, तंतुमय लोखंड. एका तुकड्यात दोन स्वभाव आणि जोड कुठेच नाही! वरचं झिजत नाही, आतलं हिसके सोसतं. उसाच्या ट्रॉलीच्या पिनेला आणखी काय हवं? आरपार कडक केली असती तर पहिल्याच खड्ड्यात खाडकन तुटली असती.

बरं, हे नवं नाहीच! थिओफिलस नावाच्या साधूनं बाराव्या शतकात लिहून ठेवलंय: बैलाचं शिंग जाळून, मीठ मिसळून तापल्या कानशीवर टाका, मग विझवा. म्हणजे कानसच अशी घडायची! सायनाइडच्या मिठात हेच काम झटपट होतं, पण त्याचं नाव काढताच मिस्त्रींनी हात जोडले. मीही जोडतो.

माझा डबा तयार आहे. जिगचे बुश, क्लॅम्पचे बोल्ट, सगळे रांगेत. शेजारचे काका एमएसची छिन्नी घेऊन आलेत. काका, छिन्नी नाही जमायची! दोन-चारदा धार काढलीत की कडक थर ग्राइंडरवर उडाला, हातात पुन्हा एमएसच. तुम्ही जुना कमानपाटा आणा, त्याला आतपर्यंत पाणी चढतं.