बाहुल्याचा उजवा हात

अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६६ मध्ये जी. आय. जो या बाहुल्यासाठी मर्क्युरी यानाची कुपी काढली. सोबत चंदेरी पोशाख आणि अंतराळवीर जॉन ग्लेनच्या उड्डाणातले आवाज असलेली तबकडी. आता पोक्त झालेला एखादा हौशी तीच चरे पडलेली कुपी दुरुस्तीला घेतो, आणि दुरुस्ती बाजूलाच राहते.

त्याला ग्लेन नको असतो. दुसरा अंतराळवीर, गस ग्रिसम हवा असतो.

मग कुपीवर ग्रिसमच्या यानाचं ‘लिबर्टी बेल ७’ हे नाव येतं आणि फिलाडेल्फियातल्या घंटेच्या तड्याची आठवण म्हणून खऱ्या यानावर होती तशी पांढरी वेडीवाकडी रेघ. बारीक कुंचला, रोखलेला श्वास. मग फोटोसाठी मागे काळं कापड, बाजूने एकच प्रखर दिवा. अवकाशात उजेड पसरवायला हवा नसते. पार्श्वभूमी धूसर झाली की खेळणं खेळणंच दिसतं, म्हणून कॅमेऱ्याचं छिद्र लहान ठेवायचं. कुपी समुद्रात उतरल्याचा फोटो हवा असला, तर समुद्र मात्र दाद देत नाही. पाण्याचा थेंब काही लहान करता येत नाही!

२१ जुलै १९६१ रोजी ग्रिसमची खरी कुपी समुद्रात उतरल्यावर तिचं दार अवेळी उडालं. ग्रिसम वाचला, यान बुडालं. १९९९ मध्ये ते वर काढलं. दार उडवणारी कळ आपण दाबली नाही, असं ग्रिसम सांगत राहिला. ग्रिसमच्या उड्डाणानंतरच्या वर्षी अंतराळवीर वॉली शिराने आपल्या यानातली तशी कळ मुद्दाम दाबली, तेव्हा त्याच्या हाताला इजा झाली. ग्रिसमच्या हातावर तशी खूण नव्हती. पुरावा पटण्याजोगा आहे. तरी फोटोसाठी बाहुल्याचा उजवा हात कळीजवळ ठेवायचा की मांडीवर, हे त्या हौशी माणसाचं अजून ठरत नाही.