दासगावचा शरद आणि पातेल्यातली बिस्किटं

मैत्रिणींनो, शरद ऋतू म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दसऱ्याचं सोनं, कोजागिरीचं आटीव दूध, आणि खरं सांगायचं तर घामाच्या धारा! पण अमेरिकेतल्या माझ्या नणंदबाईंना विचाराल तर त्या म्हणतील, लालभडक पानं, मोठाले भोपळे आणि खारूताई. गेल्या वर्षी त्यांनी मुलांसाठी बिस्किटांचे साचे पाठवले. एक पाच बोटांचं पान, एक भोपळा, एक खार आणि एक टोपी घातलेलं ओकचं फळ. सोबत चिठ्ठी : ‘इकडे या दिवसांत घरोघरी अशी बिस्किटं करतात. मुलांना सोबत घेऊन कर, मजा येते.’

साचे आले तेव्हा नवरात्र तोंडावर होतं आणि आम्ही माझ्या माहेरी, दासगावला निघालो होतो. घेतले तसेच पिशवीत टाकून. (खोटं कशाला बोलू, माझ्या मनात बिस्किटं नव्हती, दुसरंच काही होतं. ते पुढे येईलच.)

पनवेलहून महाडची एस्टी धरली की माणगाव, लोणेरे मागे टाकून महाडच्या अलीकडे दासगाव लागतं. रेल्वेनं याल तर वीर स्टेशन जवळ. मुंबई-गोवा रस्त्यावरून धावणाऱ्या शंभर गाड्यांतली एखादी इथे थांबत असेल. एका अंगाला सावित्रीची खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधल्या पट्टीत रस्ता आणि घरं. गावाला लागूनच दौलतगड म्हणून एक छोटासा किल्ला आहे. एके काळी हे बंदराचं गाव, मालाच्या होड्या लागायच्या. आता होड्यांचा माल गेला, पण भरतीचं पाणी मात्र समुद्राकडून अजूनही इतकं आत चढून येतं.

आश्विनातलं दासगाव एकदा बघाच. भाताच्या लोंब्या खाली वाकलेल्या, अर्ध्या हिरव्या, अर्ध्या सोनेरी. बांधाबांधावर कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे. उन्हात चतुरांचे थवे. दारोदारी झेंडू. आमच्याकडे दसऱ्याला ‘नवं’ बांधतात. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडू आणि झेंडू यांची जुडी करून दाराच्या चौकटीला लावतात. लाल झालेलं पान मात्र शोधूनही सापडायचं नाही. आमची झाडं या दिवसांत पावसानं न्हाऊन हिरवीगार असतात, पानगळ व्हायची ती पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर.

तर साचे बाहेर निघाले आणि आईनं पाच बोटांचं पान उजेडात धरून म्हटलं, “अगं, हे तर भेंडीचं पान!”

आम्ही हसून लोटपोट. पण खरंच सांगते, परसातलं भेंडीचं पान आणून शेजारी ठेवलं तर सख्खी बहीण शोभावी. ओकच्या फळाला आईनं ‘टोपीवाली सुपारी’ ठरवून टाकलं. भोपळ्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, एक माळ्यावर होताच. थोरली मात्र विचारात पडली. म्हणाली, “आई, मामीआत्यानं तिकडचा शरद पाठवला. मग इथला कुठाय?”

मी अर्धवेळ का होईना पण मास्तरीण. असा प्रश्न सोडते होय! म्हटलं, चला, इथला आपण करू. 

आता माहेरी ओव्हन कुठला? माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून महाडच्या भट्टीवर न्यायचं, आणि आपल्या सामानाची नानकटाई भाजून आणायची. डबा बदलला जाऊ नये म्हणून आई त्याला लाल चिंधी बांधायची. घरच्या घरी भाजायचं तर आपली जुनी युक्ती : जर्मनचं जाड बुडाचं पातेलं, तळाशी वाळू, वर तिवई, तिवईवर ताटली, आणि झाकण.

वाळूची एक गंमत सांगते. धाकटा उत्साहानं खाडीकाठची वाळू घेऊन आला. पातेलं तापलं मात्र, आणि घरभर असा काही वास सुटला की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “नवरात्रात सुकट भाजताय की काय?” ती वाळू गेली अंगणात. मग जाडं मीठ घेतलं, दोन वाट्या. मीठ उत्तम. काम झाल्यावर बरणीत भरून ठेवावं, पुढच्या वेळी तेच चालतं. फक्त स्वयंपाकात परत घालू नये.

पीठ मी असं मळलं : १०० ग्रॅम थिजलेलं तूप आणि १०० ग्रॅम पिठीसाखर हातानं पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसली. त्यात १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम नाचणीचं पीठ, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड. गोळा जमेल इतकंच दूध, एखाद-दोन चमचे. आणि मुख्य म्हणजे सोडा घालायचा नाही! नानकटाईला सोडा हवा, ती फुलून तडकली की छान दिसते. पण आकाराच्या बिस्किटात सोडा पडला की भेंडीच्या पानाची पुरी झालीच म्हणून समजा. मळलेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप पाघळतं आणि पोळपाटावरून आकार उचलला जात नाही, हे मी दोनदा चुकून शिकले. पोळी जाडसर लाटा, भाकरीइतकी. पातेलं आधी दहा मिनिटं झाकून तापू द्या, मग ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्यावर बिस्किटं मऊ लागतील, घाबरून पुन्हा आत ढकलू नका. गार झाली की आपोआप खुसखुशीत होतात.

आकारांचं म्हणाल तर साचे लागत नाहीत. वाटीनं गोल पाडला की कोजागिरीचा चंद्र. त्याच गोलाला वरून आणि खालून खाच दिली की आपट्याचं पान, मधोमध सुरीच्या पाठीनं एक रेघ. काट्यानं कडा दाबल्या की झेंडू. पिठाची बोटभर लांब वळी करून तिला कात्रीनं तिरके काप दिले की टोकं उचलली जातात आणि अगदी भाताची लोंबी दिसते. ही थोरलीची कल्पना, आणि सगळ्यांत ती झकास जमली. कातण्यानं तिनं चतुराचे पंखही कातले, पण ते पातळ, आधी करपले.

धाकट्यानं एक मोठा त्रिकोण केला. “हा आजीचा डोंगर!” म्हणाला आणि वर चारोळी टोचायला लागला. चारोळ्या म्हणजे झाडं.

आई लोंबीला काप देत होती, ती थांबली. बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “झाडं जास्त लाव रे. दाट लाव.”

मैत्रिणींनो, २००५ चा जुलै तुम्हाला आठवत असेल. २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पुराचं सगळ्या जगानं ऐकलं. पण त्याच दिवसांत आमच्या महाड तालुक्यात डोंगर खाली आले. जुई, रोहन, कोंडिवते आणि आमचं दासगाव. पाणी पिऊन जड झालेली माती घरांवर आली, तालुक्यात दोनशेच्या आसपास माणसं गेली. तेव्हा मी शाळेत होते. आमचं घर वाचलं. आमच्या वर्गातली दोन बाकं पुढे कित्येक दिवस तशीच रिकामी होती, त्यावर कुणी बसत नव्हतं. घरं गेलेली माणसं कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. पुढे २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात तळिये गावावर दरड आली.

तेव्हापासून पाऊस जोरात लागला की माझी आई रात्रीची झोपत नाही. कंदील आणि काठी उशाशी घेऊन ओसरीवर बसते. बाबा गेल्यापासून एकटीच बसते. इकडे पनवेलला मी जागी. दर वर्षी मी म्हणते, “आई, आता आमच्याकडे चल.” दर वर्षी ती म्हणते, “घर कोण बघणार?” मग शब्दाला शब्द वाढतो आणि दोघी रुसतो. या खेपेला तिला कायमचं न्यायचं असं ठरवूनच मी गेले होते. पिशवीतलं ‘दुसरंच काही’ ते हे.

आणि समोर ती बसली होती हाताला पीठ लावून, नातवाला डोंगर कसा दाट करायचा ते शिकवत. पाऊस सरून आठ दिवस झाले होते. आकाश निळंभोर, रात्रीची झोप लागायला लागलेली. शरद म्हणजे काय ते तिला कुणी विचारायला हवं होतं. तिच्यासाठी तो डोंगर जागच्या जागी राहिल्याचा महिना. अशा वेळी ‘चल’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

शेवटी रात्री तीच बोलली. बिस्किटं डब्यात भरताना, माझ्याकडे न बघता. “मृग लागला की येईन तुझ्याकडे. नवरात्र बसायच्या आत मला इथे आणून सोडायचं. दाराला नवं मीच बांधणार.”

मी काही न बोलता डब्याला लाल चिंधी बांधली.

डोंगर धाकट्यानं वाटेतच, लोणेरे यायच्या आत खाऊन टाकला. चारोळ्या आधी एकेक वेचून. आई या जूनमध्ये येईल, तिची खोली मी आवरायला घेतली आहे. निघताना ती साच्यांतला एक साचा मात्र मागून घेऊन राहिली. म्हणाली, “ते भेंडीचं पान इथे असू दे. दिवाळीला शंकरपाळ्यांना बरं पडेल.”