निवेदक कोण?

समीक्षेची परिभाषा बऱ्याच अंशी न्यायालयाकडून उसनी घेतलेली आहे, याचे भान समीक्षकाला सहसा नसते. कृतीला न्याय द्यावा, निर्णयास पुरावा असावा, लेखकाची बाजू समजून घ्यावी, निकालाची घाई करू नये, असे आपण म्हणत असतो. पस्तीस वर्षे साहित्य शिकवताना हे शब्द मीही सहजपणे वापरले. त्यांच्यामागे कुणी खरोखर उभा राहिलेला असतो, त्याच्या नावाचा पुकारा होतो आणि त्याला कबुली-नाकबुली विचारली जाते, ही गोष्ट मला उतारवयात कळली. उसने घेतलेले शब्द त्यांच्या मूळ मालकाने परत मागितले, एवढेच म्हणावयाचे.

माझे घर रुआबांध्याला आहे. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्या नगरीत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. विदर्भातून आलेल्या कुटुंबांपैकी आमचे एक. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. दुर्गच्या खटल्यांची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. आज ती बिलासपूरला जातात. मराठी मात्र येथे घराच्या उंबऱ्याआतली भाषा होऊन राहिली. ती एक दिवस दुर्गच्या न्यायालयात माझ्या आधी जाऊन बसेल, असे वाटले नव्हते.

घडले ते थोडक्यात असे. एका प्रथमपुरुषी मराठी कादंबरीवर मी परीक्षण लिहिले होते. तिचा निवेदक लबाड आहे, तो वाचकाला हव्या तेवढ्याच गोष्टी सांगतो आणि उरलेल्या दडपतो; पूर्वार्धात या लबाडीतून कादंबरीला धार येते, उत्तरार्धात ती वाचकाची प्रतारणा ठरते, असा माझा अभिप्राय होता. वेन बूथने 1961 साली अविश्वसनीय निवेदकाची कल्पना मांडल्यापासून अशा तऱ्हेची विधाने वर्गावर्गांतून होत आली आहेत. लेखकाने मात्र खाजगी फिर्याद दाखल केली. कादंबरीचा नायक म्हणजे आपणच, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा निवेदकाला लबाड म्हणणे म्हणजे आपल्याला लबाड म्हणणे, असे त्यांचे म्हणणे. दंडाधिकाऱ्यांनी त्यांचा शपथेवरील जबाब घेतला, आणि भारतीय दंड संहितेच्या कलम 500 खालचे समन्स माझ्या दारी आले. शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांची साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र, म्हणून जातमुचलक्यावर घरी येता आले. पण त्या रात्री पत्नीने विचारले, "पासपोर्टच्या अर्जात, निवृत्तिवेतनाच्या कागदात, आता आरोपी असे लिहावे लागेल का हो?" तिच्या प्रश्नाला साहित्यशास्त्रात उत्तर नव्हते.

आरोप आला म्हणजे लिहित्या माणसापुढे तीन वाटा असतात, आणि तिन्ही वाटांवरून आपली माणसे गेलेली आहेत. पहिली वाट माधवराव सप्र्यांची. मराठी घरातले सप्रे छत्तीसगढमध्ये वाढले, 1900 च्या जानेवारीत पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि हिंदीत ग्रंथपरीक्षणाची शिस्त रुजविण्यात मोठा वाटा उचलला. 1908 साली नागपूरच्या 'हिंदी केसरी'तील लेखांवरून त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. घरच्यांच्या दडपणाखाली त्यांनी माफीपत्र लिहून दिले आणि ते सुटले. पुढे त्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले. त्या माफीचा सल त्यांना दीर्घकाळ पुरला. त्यांच्याविषयी कठोर बोलणाऱ्याने आधी समन्स हातात घेऊन पाहावे.

दुसरी वाट टिळकांची. 1897 च्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी दावर यांनी खटपट केली होती; 1908 साली तेच दावर न्यायासनावर होते. या वेळी टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली आणि ते एकवीस तासांहून अधिक बोलले. 'केसरी'च्या मराठी लेखांचे जे इंग्रजी भाषांतर न्यायालयापुढे ठेवले होते ते मुळाशी इमान राखणारे नाही, हा त्यांच्या बचावातील महत्त्वाचा मुद्दा होता. ज्यूरीच्या नऊ जणांत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली.

तिसरी वाट रघुनाथ धोंडो कर्व्यांची. 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा पहिला खटला 1931 साली झाला आणि कर्व्यांना दंड झाला. 1934 साली पुन्हा खटला उभा राहिला, या वेळी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. तरीही त्या हरलेल्या खटल्याचे स्मरण आज आदराने केले जाते, कारण एका एकट्या माणसाच्या वतीने दुसरा कुणी समर्थपणे उभा राहिला होता.

मित्रांनी मला पहिली वाट सुचविली. माझा स्वभाव दुसरीकडे ओढत होता. आयुष्यभर व्याख्याने देणाऱ्याला स्वतःची बाजू स्वतः मांडता येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. अखेर तिसरी वाट धरली, ती एका प्रश्नामुळे. दुर्गच्या एका वकिलांकडे सल्ल्यासाठी गेलो होतो. ते छत्तीसगढी बोलणारे, मराठी जेमतेम समजणारे. परीक्षणाचे हिंदी भाषांतर दोनदा वाचून त्यांनी विचारले, "सर, ये निवेदक कौन है?"

मी उत्तर देऊ लागलो आणि थांबलो. हिंदीत निवेदक म्हणजे निवेदन करणारा, विनंती करणारा. अर्जाच्या अन् लग्नपत्रिकेच्या तळाशी ज्याचे नाव असते तो. भाषांतरकाराने 'लबाड निवेदक'चे 'झूठा निवेदक' केले होते, आणि कादंबरीच्या प्रास्ताविकाखाली तर लेखकाची स्वतःची सही होती. हिंदी वाचणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना मी लेखकालाच खोटारडा म्हटल्यासारखे दिसणार, यात नवल ते काय? छत्तीसगढीत 'लबरा' म्हणजे खोटे बोलणारा. मराठी लबाडीत जी चतुराईची, खोडीची छटा आहे ती तेथे नाही. 'प्रतारणा'चे तर भाषांतरात 'प्रताड़ना' झाले होते; फसवणुकीचा छळ झाला होता! मी स्वतः उभा राहिलो असतो, तर निवेदकाची व्याख्या सर्वांना ठाऊक आहे असे धरून तासभर बोललो असतो. वकिलांना ती ठाऊक नव्हती, आणि त्या न जाणण्यातच माझा बचाव होता.

त्यांनी मला कायद्याचे पान उघडून दाखविले. कलम 499 ला दहा अपवाद आहेत. सहावा अपवाद सांगतो की जी कृती कर्त्याने लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली आहे तिच्या गुणदोषांविषयी, आणि त्या कृतीतून कर्त्याचा स्वभाव जेवढा दिसतो तेवढ्याविषयी, सद्भावनेने मत देणे ही बदनामी नव्हे. त्यापलीकडे मात्र हे संरक्षण नाही. पुस्तक छापणारा ते लोकांच्या निर्णयापुढे ठेवतो, असे उदाहरणही खाली दिले आहे. पुस्तकावरून माणसाविषयी अनुमान काढले तर ते अपवादात बसते. माणसाविषयीच्या आधीच्या मतावरून पुस्तकाला नावे ठेवली तर बसत नाही. 1860 च्या या मसुद्यात चरित्रात्मक समीक्षेचा सारा वाद दोन ओळींत मिटविलेला पाहून मी थक्क झालो. आम्ही परिसंवादांतून जी रेषा ओढत आणि पुसत होतो ती येथे कैदेच्या भयाने ओढलेली होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमाचा क्रमांक 356 झाला, शिक्षेत समाजसेवेचा पर्याय आला, पण तो अपवाद कायम आहे.

अपवादात आपण बसतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची असते. वकिलांचा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा होता. "सद्भावना कशी दाखवणार?" मी म्हणालो, लेखकाशी माझे वैर नाही. ते म्हणाले, त्याने काम भागणार नाही. कायद्यातील सद्भावना ही मनाची भावना नव्हे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मानले जात नाही, अशी त्या शब्दाची व्याख्याच आहे. "पुस्तक पूरा पढ़े थे, इसका सबूत है?" माझ्याकडे टिपणवही होती. कादंबरीच्या दोन वाचनांतील टिपणे पृष्ठांकांसह तीत होती. निवेदक कोठे काय लपवितो त्याची यादी होती. आवडलेल्या परिच्छेदांपुढे खुणा होत्या. कुणाला दाखविण्यासाठी नव्हे, तर सवयीने केलेले ते काम प्रदर्श डी-1 म्हणून न्यायालयात दाखल झाले.

मधल्या काळात तडजोडीचा निरोप आला. बदनामीचा गुन्हा तडजोडयोग्य आहे. चार ओळींचे दिलगिरीपत्र प्रसिद्ध केले तर फिर्याद मागे घेऊ, असे सांगण्यात आले. वकिलांनी माझ्या वतीने निर्णय घेतला नाही. त्यांनी एवढेच सांगितले की दिलगिरीने खटला लवकर संपेल, आणि न दिल्यास किती तारखा पडतील ते सांगता येणार नाही. घरी पत्नी म्हणाली, "पत्र लिहाल तर पुढच्या पुस्तकावर लिहिताना तुमचा हात थांबेल, आणि तुम्ही तसेच घरात फिराल. ते मला बघवणार नाही." मी पत्र लिहिले नाही.

तारखा पडत गेल्या. उलटतपासणीत वकिलांनी फिर्यादी लेखकांना एकच गोष्ट नाना प्रकारे विचारली: कादंबरीतील अमुक प्रसंग आपल्या आयुष्यात घडला काय? लेखक प्रत्येक वेळी म्हणाले, नाही, ती कल्पना आहे. पाचव्या 'नाही'नंतर वकील खाली बसले. निवेदक आणि लेखक भिन्न आहेत, हे मी वर्गात जेवढ्या श्रमाने शिकवीत आलो ते खुद्द लेखकाच्या तोंडून शपथेवर वदवले गेले होते. मला आनंद झाला नाही. साक्षीच्या कठड्यात उभा असलेला तो माणूस मला प्रथमच कृतीच्या बाहेर, घामाघूम झालेला, दिसत होता. ज्या कादंबरीत त्याने आपला जीव ओतला तिच्याशी आपला संबंध नाही असे त्याला म्हणावे लागत होते. कायद्याची रेषा स्पष्ट असते. माणूस तिच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा उरतो.

माझी निर्दोष मुक्तता झाली. निकालपत्रात सिद्धान्त नव्हता. परीक्षण कृतीपुरते मर्यादित आहे आणि टिपणवहीवरून योग्य काळजी दिसते, एवढीच दोन वाक्ये माझ्या कामाची होती. कोणत्याही सन्मानपत्रापेक्षा ती मला अधिक मोलाची वाटतात.

आपल्या राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाने अटक झालेल्याला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे, आणि ज्याची ऐपत नाही त्याला विनामूल्य वकील मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली महाराष्ट्रातून आलेल्या होस्कोट प्रकरणात सांगितले. या हक्काचा अर्थ मी आता वेगळा लावतो. आपल्या शब्दांचा अर्थ आपल्यालाच सर्वांत चांगला कळतो, हा लिहिणाऱ्याचा अहंकार असतो. त्या शब्दांना परक्या भाषेत, परक्या डोळ्यांनी, पण आपल्या बाजूने वाचणारा कुणी हवा असतो. चांगला वकील हेच करतो. पुस्तक मिटून लेखक समोर नसताना त्याच्या वतीने एकदा असे वाचणे, आणि मगच आपले मत लिहावयास बसणे, हेही समीक्षेचेच काम आहे.