भंगारातला निळा डबा

मागच्या दिवाळीच्या सुटीत माजलगावातल्या एका भंगाराच्या दुकानात मला निळा चौकोनी डबा दिसला. मागच्या बाजूला छोटा पडदा आणि बाणांची बटणं. नाव कोबाल्ट क्यूब. ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने 2000 साली विकत घेतली आणि काही वर्षांत हे सर्व्हर बंदच केले.

मी तीनशे रुपये काढले. दुकानदाराचा मुलगा माझ्याच वर्गात, दहावीला. त्याचे अब्बा हसले, "घाटा तुमाराच है, सर. और इसको मार्च के बाद दुकान पे बिठाना है. उर्दू पढ के कौन साहब हुआ?"

मी उर्दू माध्यमातूनच बी.एड.पर्यंत पोचलेला. बोलणं लागलं, पण उत्तर सुचलं नाही.

या डब्याला मॉनिटर जोडायला जागा नाही, सीडीची सोय नाही. लिनक्स टाकायचं तर नेटवर्कवरूनच. लॅपटॉपवर दोन कामं ठेवली : डब्याला पत्ता देणं आणि डेबियन 4.0 च्या फाइली एनएफएसने पुरवणं. 2007 ची ही आवृत्ती त्याच्या जुन्या मिप्स प्रोसेसरवर चालते. डावं-उजवं बटण एकदम दाबून डबा चालू करायचा, म्हणजे तो नेटवर्कवर फाइल शोधतो.

दोन रात्री डब्याला फाइल सापडलीच नाही. मुलगा रोज मगरिबनंतर येऊन बसायचा. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "सर, मोबाइल को पता राउटर देता बोले थे तुम. फिर इस डब्बे को पता देनेवाले दो हो गये ना?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. राउटर आधी उत्तर देत होता आणि फाइल कुठं आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. राउटर बाजूला काढला, डबा थेट लॅपटॉपला जोडला. थोड्या वेळाने छोट्या पडद्यावर पत्ता आणि पासवर्ड उमटला. पुढचं सगळं लॅपटॉपवरून एसएसएचने झालं.

इतक्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, म्हणून डबा इंटरनेटला जोडलेला नाही. वर्गातल्या वर्गात उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका पुरवतो, तेवढं पुरे.

त्याच्या अब्बांना डबा दाखवला. चूक कुणी पकडली तेही सांगितलं.

"अब कितने में बिकेगा?" त्यांनी विचारलं.

"बेचना नै, अब्बा," पोरगा म्हणाला.

ते बराच वेळ तराजूकडे बघत राहिले. मी निघालो तेव्हा मागून आवाज आला, "सर, आयटीआय के फारम कब निकलते?"