घोडा, डबा आणि सहा इंच

सदर म्हटलं की तुमच्या-आमच्यासारख्या नऊ-ते-सातवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? रेसिडेन्सी रोडवरचे चकाचक शोरूम्स, वीकेंडला पार्किंगसाठी मारलेल्या तीन चकरा, मंगळवारी बाजारातली गर्दी आणि रात्री उशिरा, 'आता कुठे खायचं?' हा सनातन प्रश्न. सदरचा हा चेहरा नागपुरात कोणालाही पाठ आहे. पण एलआयसी चौकातून गाडी उजवीकडे कामठी रोडला वळवली की सदर हळूहळू संपतं आणि एक वेगळंच शहर सुरू होतं. तिथे कॉफी मिळत नाही, कडक चहा मिळतो. आणि तिथल्या लोकांना 'लेव्हल' म्हणजे काय ते आपल्या एचआरपेक्षा जास्त कळतं.

हे मला कळलं ते टेक्सासमुळे. म्हणजे माझ्या आतेभावामुळे. दादा सदरचाच, शाळा-कॉलेज सगळं इथलं, आता ह्यूस्टनजवळ राहतो. त्याने मागच्या वर्षी एक सेकंडहँड 'फिफ्थ व्हील' घेतलं. हे काय प्रकरण? तर चाकांवरचं घर. बेड, किचन, बाथरूम सगळं आत. ते पिकअपच्या मागे हुकला लटकवत नाहीत. त्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर चढतो आणि मागच्या आसाच्या डोक्यावर बसवलेल्या जोडणीत अडकतो. दिवाळीनंतर आत्या तिकडे जाणार होती आणि दादाचा प्लॅन होता तिला या घरातून पंधरा दिवस फिरवायचा.

पहिल्या ट्रायलनंतर त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. घराचं नाक वर, शेपूट खाली. खाली मेसेज : 'दीडशे किलोमीटर गेलो. मागची दोन टायर्स हात लावू देत नाहीत. पुढची दोन नुसती कोमट. विकणारा म्हणतो, चालतं.'

आता चालतं की नाही हे कोणाला विचारायचं? आमच्या ऑफिसात गूगल करणारे चाळीस लोक आहेत. पण ट्रेलर जोडणारा एकही नाही.

चार मजली चौक

एका शनिवारी दुपारी मी कामठी रोडला निघाले. हा रस्ता जुना. ब्रिटिशांनी १८२१ साली कामठीला छावणी उभारली, आणि नागपूर व छावणी यांना जोडणारा म्हणून याचं महत्त्व वाढलं. आज याच्या डोक्यावरून डबलडेकर पूल जातो : खाली जुना रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. मेट्रो ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, उड्डाणपूल ऑक्टोबर २०२४ मध्ये. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक, साडेपाच किलोमीटरच्या वर.

यातली सॉलिड जागा म्हणजे गड्डीगोदाम. तिथे रस्ता रेल्वेखालून जातो, रेल्वेच्या वर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो. चार मजले! रोज ऑफिसला जाताना आपण इथे फक्त हॉर्न वाजवतो. पण जरा थांबून बघा. इथे प्रत्येक मजल्यावरच्या गाडीला आपली उंची माहीत असावीच लागते. हा मुद्दा मला नंतर उपयोगी पडला.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे ट्रकवाल्यांचं जग लागतं. देशाची उत्तर-दक्षिण वाहतूक नेणारा श्रीनगर ते कन्याकुमारी हा महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग ५३ नागपुरात भेटतात, त्यामुळे ट्रेलर ही इथे रोजची गोष्ट. एका गॅरेजबाहेर एक उघडा ट्रेलर उभा होता, पुढचा ट्रक वेगळा काढलेला. या पुढच्या ट्रकला हे लोक काय म्हणतात माहितीये? 'घोडा'! झिरो माइलला चार घोडे उभे आहेत, आणि त्यांच्यापासून काही किलोमीटरवर हे डिझेल पिणारे घोडे. मला भारी वाटलं.

उस्तादांचा फंडा

गॅरेजचे उस्ताद साठीचे. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो झूम केला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, बैलबंडी पाह्यली का कधी?"

"पाहिली ना, पोळ्याला."

"मंग मागं वजन जास्त झालं तं बंडी काय होते?"

"उलाळ होते."

"बस. तुमच्या भावाची बंडी उलाळ होऊन राह्यली. घोडा उंच अन् डबा बुटका. नाक वर गेलं का सारं वजन मागच्या चाकावर. टायर तापनार नाही तं काय होईन?"

मग त्यांनी मला घोड्याच्या मागे नेलं. तिथे एक जाड लोखंडी तबकडी होती, ग्रीसने काळीभोर, मागच्या बाजूला खाच असलेली. हेच ते पाचवं चाक. ते गोल फिरत नाही, तरी त्याला चाक का म्हणायचं? कारण नाव घोडागाडीच्या जमान्यातलं. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळता यावा म्हणून त्यावर एक आडवं लोखंडी कडं असायचं. चार उभी चाकं आणि हे पाचवं आडवं. मोटारी आल्या आणि नाव त्यांच्यासोबत आलं. १९१४ साली डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची बोट नेण्यासाठी फोर्ड गाडीला अर्धा ट्रेलर जोडून दिला. आजचे ट्रेलर त्याच घराण्यातले.

डब्याच्या पोटाखाली एक पिन लोंबते, किंग-पिन. नेहमीच्या ट्रेलरला दोन इंच जाडीची, फार अवजड कामाला साडेतीन इंचांची. घोडा मागे येतो, पिन खाचेत शिरते, जबडा बंद होतो. आपल्या मोटार वाहन कायद्यातही 'सेमी-ट्रेलर'ची व्याख्या हीच : ज्याचा काही भाग पुढच्या वाहनावर टेकतो आणि ज्याचं काही वजन ते वाहन पेलतं. दादाच्या घराच्या बाबतीत हे वजन साधारण एकूण वजनाच्या पंधरा ते पंचवीस टक्के असतं. म्हणजे पाच टनांच्या घराचा जवळपास एक टन पिकअपच्या पाठीवर.

"अन् जोडताना डबा घोड्याच्या तबकडीपेक्षा बोटभर खाली पाहिजे," उस्ताद म्हणाले. "तबकडी डब्याच्या खाली घुसून त्याले वर उचलते, तवा पिन नीट बसते. डबा वर राह्यला तं पिन वरच्या वर अडकते. दिसायले जोडली, खरं तं जोडली नाही. रस्त्यात एक खड्डा, अन् डबा खाली!"

म्हणून इथला नियम : जोडल्यावर टॉर्च मारून बघायचं, दोन तबकड्यांच्या मधून उजेड दिसता कामा नये. जबडा पिनेभोवती बंद झालाय ना ते पाहायचं. मग डब्याचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढे ओढायचा. नाही सुटला, तरच निघायचं.

टेप काढा, राव

आता खरं काम. उस्तादांनी एका पुठ्ठ्यावर चित्र काढलं आणि सांगितलं, भावाला चार मापं घ्यायला सांगा. जमीन सपाट पाहिजे. खात्री नसेल तर गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाइप लावा. रात्री आठला, म्हणजे दादाच्या सकाळी, व्हिडिओ कॉल झाला. तो टेप घेऊन जमिनीवर झोपला, मी कागद घेऊन बसले.

घर एकटं, अगदी सपाट उभं असताना पिनेजवळची तबकडी जमिनीपासून ४५ इंच. पिकअपच्या जोडणीची उंची, रिकामी असताना ५१. पण वजन आलं की पिकअप मागून बसते, दोन इंच. म्हणजे ४९. घर ४५ वर सपाट, आणि आपण त्याला ४९ वर टांगतोय. चार इंच नाक वर. सापडलं!

"मग जोडणी चार इंच खाली घेतो ना," दादा म्हणाला. "त्याला भोकं आहेत."

पुठ्ठा बघत मी म्हटलं, "थांब. हौद्याची कड किती?"

इथे खरी गोम होती. हौद्याची कड वजनासकट ५४ इंच. घराचा पुढचा, हौद्यावर आलेला भाग, घर सपाट असताना खालून ५८. मधे उरले फक्त चार. आणि तिथे साधारण सहा इंच मोकळे लागतात, कारण रस्ता काही टेबलासारखा नसतो. पेट्रोल पंपावर चढताना पिकअप एका कोनात आणि घर दुसऱ्या कोनात जातं. चार इंच असतील तर एखाद्या उतारावर घर थेट हौद्याच्या कडेवर बसतं आणि पत्रा चेपतो.

विकणाऱ्याने ही दोन मापं कधीच एकत्र पाहिली नव्हती. नव्या पिकअप्स, खासकरून फोर बाय फोर, जुन्यांपेक्षा उंच झाल्यात. घर मात्र जुन्या, ठेंगण्या पिकअपच्या हिशेबाने बनलेलं.

सोमवारी मी ऑफिसातून सुटून पुन्हा उस्तादांकडे. त्यांनी आकडे बघितले आणि दोन मिनिटांत सोडवलं. "दोन खाली, दोन वर." जोडणी दोन इंच खाली, ४७ वर. आणि घराच्या आसांवर पाट्यांच्या ठिकाणी पक्कं काम करून घर दोन इंच वर. मग पिनेची उंची ४७, हौद्यावरचा भाग ६०, मधे सहा इंच मोकळे. घर सपाट.

"पण घर वर गेलं तं छत बी वर गेलं," ते म्हणाले आणि बोट दाखवलं गड्डीगोदामच्या दिशेने. "छत मोजा. एसी धरून. पुलाखाली कोनी फोन करून सांगत नाही."

टेक्सासमध्ये गाडीच्या उंचीची मर्यादा १४ फूट आहे. बऱ्याच दुसऱ्या राज्यांत साडेतेरा. दादाचं घर एसीसकट मोजलं, बसत होतं. तरी आता त्याच्या स्टिअरिंगजवळ ती उंची लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय. काम त्याने तिथल्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं, पुन्हा दीडशे किलोमीटर गेला आणि चारही टायर्सना हात लावून बघितला. चारही सारखी कोमट. त्यानंतरच आत्याचं तिकीट कन्फर्म झालं. ती तिकडून सांगते, 'घर चालतं तेव्हा चहाचा कप हलत नाही.' (घर चालतं तेव्हा ती पुढे पिकअपमध्येच बसते, कप सिंकमध्ये असतो. पण सांगायला काय जातं!)

तुम्हालाही जायचंय?

कस्तुरचंद पार्क स्टेशनवरून ऑरेंज लाइनची मेट्रो पकडा आणि ऑटोमोटिव्ह चौकाला उतरा. गड्डीगोदामजवळ खिडकीतून खाली बघायला विसरू नका, रेल्वे तुमच्या दोन मजले खाली असते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा, कामाच्या भर गर्दीत कोणाच्या मधे उभे राहू नका. कारवान भाड्याने घेऊन पेंच किंवा ताडोबाला जायचा विचार असेल (महाराष्ट्राचं कारवान धोरण २०२१ मध्ये आलंय), आणि तो ओढायचा ट्रेलर असेल, तर निघण्याआधी दहा पावलं बाजूला जाऊन फक्त बघा : तो जमिनीला समांतर उभा आहे का? नसेल तर टेप मागा. आणि पन्नास किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा आधी टायर्सना हात लावा, मग चहा सांगा.