कर्ता ओळखा

‘कर्ता ओळखा’ म्हणून मुलांच्या मागे लागणे हा माझा वीस वर्षांचा उद्योग. तरी शेजारच्या वहिनींच्या एका वाक्यातला कर्ता मला ओळखता आला नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या जिन्यात त्या भेटल्या. मनगटाला फडके. “लागलं जरा, सर,” म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. “जपा हो,” म्हणून मी कॉलेजला पळालो. (पहिला तास होता!)

तीन वर्षांनी त्या मुलीला घेऊन माहेरी गेल्या. जाताना माझ्या पत्नीला म्हणाल्या, “सरांनी त्या दिवशी ‘कशानं?’ एवढं विचारलं असतं, तर सांगितलं असतं.” एरवी त्यांचा हिशेब चालूच होता : मुलीची परीक्षा होऊ दे, धाकट्या भावाचे लग्न होऊ दे, आईचा रक्तदाब उतरू दे. शिवाय माहेरी किती दिवस ठेवून घेतील? मार किती बसला, हा आकडा त्या हिशेबात नव्हताच.

याच पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा ही तरुण विवाहिता मरण पावली. (पतीला सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निर्दोष सोडले.) तिने आपले दुःख लिहिले होते ते बहिणीला नि मैत्रिणीला. पुढे इथल्या नारी समता मंचाने केंद्र काढले, त्याचे नाव ‘बोलते व्हा’. २००५ च्या कायद्याने तर शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याकडे कळवता येते. म्हणजे मलाही येत होते.

दिवाळीला वहिनींचा फोन येतो. पत्नी बोलते. मी जवळच वर्तमानपत्र धरून बसतो.