देवयानी, ताई आणि शेवटचं प्रकरण

देवयानी मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. खांडेकरांच्या 'ययाति'मधली देवयानी. कादंबरी १९५९ची, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेली, आणि १९७४ साली मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांमुळेच. एवढं सगळं असलेलं पुस्तक संपवून आठवडा झाला, तरी आवडलं की नाही ते ठरत नाहीये.

ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. एरवी माणूस स्वतः बोलायला लागला की थोडी तरी दया येते. देवयानी बोलते तेव्हा अजूनच चीड येते! कपड्यांच्या अदलाबदलीवरून भांडण काय, त्याचा सूड म्हणून एका राजकन्येला दासी करणं काय... आणि जरा मनाविरुद्ध झालं की थेट शुक्राचार्यांकडे एस्कलेशन. असा एक तरी नमुना प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो.

पण एक जागा आहे जिथे मी अडकलो. पहिल्या रात्री नवऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतो आणि ती भडकते. आता हिच्या बापाने दारूबरोबर कचाची राख पिऊन टाकली होती. ज्या कचावर हिचा जीव, त्याची राख! तो पुढे जिवंत झाला, पण हिला नाही म्हणून निघून गेला. मग त्या वासाने तिचं डोकं फिरलं तर नवल काय? खांडेकरांना हे सगळं कळतं, त्यांनीच तर लिहिलंय. तरी सहानुभूती मात्र मुक्कामाला असते ययातीकडे.

आणि तो शेवट. महाभारतातला ययाति मुलाचं तारुण्य घेऊन हजार वर्षं उपभोगतो, मग त्याला कळतं की वासना संपत नाही. खांडेकरांच्या ययातीला हे कळायला जेमतेम काही क्षण पुरतात. शर्मिष्ठा समोर येते, हा विरघळतो, कच ऐन वेळी सावरून घेतो, पुरूला राज्य मिळतं, देवयानीसुद्धा मऊ होते आणि तिघं वनाची वाट धरतात. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "रिलीजच्या आदल्या रात्री मारलेला पॅच आहे हा." आईला मात्र हाच शेवट आवडतो. "माणूस सुधारतो एवढं तरी लिहू दे की कुणीतरी," असं तिचं म्हणणं.

माझी ताई दोन वर्षांपूर्वी सासर सोडून नाशिकला परत आली. कारण दारूच. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण चहा पिता पिता "फार मानी आहे हो, थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं" असं काहीतरी बोलून जातो. ती आत स्वयंपाकघरात असते, तिला ऐकू जातं. पुस्तक तिने माझ्या टेबलावरून उचललं आणि दोन दिवसांत संपवलं.

"मलाही नाही आवडली ही," ती म्हणाली. "शर्मिष्ठेशी वागली ते वाईटच. पण त्या वासावरून भडकली ते बरोबर केलं."

मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता : "आणि सगळे उद्योग त्याने केले, तर वनात हिने कशाला जायचं रे?"

आईने यावर काहीच उत्तर दिलं नाही. मीही नाही.

जाता जाता, शुक्राचार्यांचं देऊळ आपल्यापासून काही फार लांब नाही, इथून गोदावरीच्या काठाकाठाने खाली गेलं की कोपरगाव बेटात आहे. कचाच्या नावाने कचेश्वरही तिथेच. आणि आपल्या शिरवाडकरांनी १९६६ साली याच गोष्टीवर संगीत नाटक लिहिलं, 'ययाति आणि देवयानी'. निदान नावात तरी तिला जागा दिली. सावानात मिळालं तर ते आणायचंय, आणि आधी ताई वाचणार, असं तिने परस्पर जाहीर करून टाकलंय.